उपदेश घेतलेल्या बाईचा नातू

मी नांदेडचा. 2012 साली हैदराबादेत माझा बाप्तिस्मा झाला. जग ज्यांना मॉर्मन म्हणतं त्यांच्या मंडळीत मी आलो, तेव्हा आमच्या नात्यागोत्यात एकच प्रश्न फिरत होता: याला कुणी फूस लावली? अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच. मला शिकवायला येणारी पांढऱ्या शर्टातली दोन मुलं विशीच्या आसपासची होती, एक आंध्रच्या किनारपट्टीचा, दुसरा तामिळनाडूचा. आमचं पटवून घेऊ नकोस, पुस्तक वाच आणि थेट देवाला विचार, एवढंच ती म्हणत. मी विचारलं. उत्तर मिळालं. त्या मुलांचे उपकार मी विसरणार नाही. पण श्रद्धा मिळणं वेगळं आणि ती घेऊन आपल्या माणसांत रोज वावरणं वेगळं. हे दुसरं मला आजीनं शिकवलं, आणि आजी महानुभाव.

आजीचं माहेर हदगाव तालुक्यातलं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उपदेश घेतलेला. लग्न होऊन ती आली ते खंडोबाच्या घरात. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा म्हणजे आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. घरादारावर भंडारा, अंगणात तळी. महानुभाव मात्र पाच अवतारांपलीकडे कुणाला परमेश्वर मानत नाहीत: श्रीकृष्ण, माहूरचे दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर स्वामी. इतर देवतांचा प्रसादही घ्यायचा नाही. पंधरा-सोळा वर्षांची नवी सून तळी उचलायला बसली नाही, कपाळाला भंडारा लावू दिला नाही. त्या काळी याचा अर्थ काय होत असेल ते ज्याचं त्यानं समजावं. तिला उपाशी ठेवलं गेलं, माहेरी धाडण्याच्या गोष्टी झाल्या. ती भांडली नाही. यात्रेला निघालेल्यांच्या शिदोऱ्या तीच बांधून द्यायची, बैलांना पाणी तीच दाखवायची, आणि गाडी वेशीबाहेर गेली की घरात बसून नामस्मरण करायची. काही वर्षांनी तिची सासूच शेजारणींना सांगू लागली, की आमची सून दंडवतवाली आहे, तिला प्रसाद देऊ नका, नुसता गूळ द्या.

लहानपणी आम्ही सगळे माहूरला जायचो. घरची मंडळी रेणुकेच्या गडावर चढायची आणि आजी देवदेवेश्वराच्या मंदिरात थांबायची. दत्तात्रेयांचं ते स्थान महानुभावांना फार मोठं. उतरताना आम्ही तिला घेऊन यायचो. एका गाडीतून जायचं, दोन ठिकाणी माथा टेकायचा आणि परतताना एकाच डब्यातली पोळी खायची, यात काही अवघड आहे असं आम्हा पोरांना कधी वाटलंच नाही.

तसं नांदेड हे गावच असं आहे, की तिथं कुणी काही पाळतो याचं नवल वाटू नये. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास वाढलेल्या कुठल्याही मुलाच्या वर्गात केस राखणारा, हातात कडं घालणारा मित्र असतोच. त्याच्या पगडीवरून त्याला चिडवायचं नाही, हे आम्हाला पहिलीपासून ठाऊक. तरीही घरातलाच मुलगा काही वेगळं पाळायला लागला की घर हादरतं.

बाप्तिस्म्यानंतर देवगिरी एक्स्प्रेसनं नांदेडला आलो आणि रात्री जेवण झाल्यावर सांगितलं. आई रडली. बाबा उठून अंगणात गेले. आजीनं मला जवळ बसवलं आणि विचारलं, “दारू पाजतेत का तिथं?” म्हटलं, उलट, बंद आहे, तंबाखूही बंद, चहासुद्धा बंद. “आईबापाला सोड म्हनतेत का?” नाही. “मग बस. घेतलास ना, आता पाळ. लोक हसतेत म्हनून अर्ध्यातून सोडू नको.”

चहा बंद म्हटल्यावर तिला हसू आलं होतं. आमच्यात 1833 पासून चालत आलेला आरोग्याचा एक नियम आहे: दारू, तंबाखू, चहा, कॉफी घ्यायची नाही. यातलं दारू-तंबाखू सोडणं मराठवाड्यात कौतुकाचं ठरतं. चहा नाकारणं हा मात्र अपमान. दारात आलेल्याला दुसरं काही देता आलं नाही तरी घोटभर चहा देता येतो, यावर इथल्या गरिबातल्या गरीब घराचा मान उभा आहे. मी नको म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा उतरायचा. तिला वाटायचं, आपल्या घरचं याला चालत नाही. आणि आमच्या भागात ‘चालत नाही’ या भावनेमागे जातीच्या किती जखमा आहेत, हे वेगळं सांगायला नको.

यावरचा उपाय आजीचा. “नको म्हनायच्या आधी मागून घे,” ती म्हणाली. “आत गेला की बसायचं आन्‌ म्हनायचं, माय, पानी दे. तिनं दिलेलं पानी तिच्या समोर पिलास, की मग चहा नको म्हन. तिला राग येनार न्हाई.” सासरच्या भावकीत प्रसाद नाकारत तिनं सारं आयुष्य असंच काढलं होतं. घरोघरी जाऊन ती आधी काहीतरी मागून खायची: कांदा-भाकर, शेंगदाणे, काहीही. नाकारायचं ते देवतेच्या नावाचं, माणसाच्या हातचं नव्हे, हे तिला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करावं लागायचं. मी आजतागायत तेच करतो. नांदेड, लातूर, कंधार, देगलूर, कुठंही गेलो तरी आधी पाणी मागतो.

बाबांचं निराळं. ते न बोलता एके दिवशी हैदराबादला आले आणि रविवारी माझ्याबरोबर चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसले. भारतातला आमचा पहिला स्टेक, म्हणजे अनेक छोट्या मंडळ्यांचा मिळून एक विभाग, त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादेत स्थापन झाला होता. सभागृह भरलेलं असायचं, बहुतेक तेलुगू भाषक. आमच्यात पगारी पुरोहित नसतो. आमचे बिशप आठवडाभर नोकरी करून रविवारी मंडळीचं पाहणारे गृहस्थ. सभा संपल्यावर बाबा त्यांच्यापाशी गेले आणि दखनीत एवढंच विचारलं, “लडका घर को आएगा ना?” बिशपांनी त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे वळून सांगितलं, दर रविवारी घरी फोन करायचा, आणि दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तर मला सांगायचं. बाबा त्या संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. धर्माबद्दल ते माझ्याशी तेव्हाही बोलले नाहीत आणि नंतरही नाहीत. रविवारचा फोन मात्र ते स्वतः उचलतात.

पुढं मी लातूरला एका खाजगी क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवायला लागलो. लातूर पॅटर्नच्या नावानं साऱ्या महाराष्ट्रातून मुलं तिथं येतात, त्यामुळे खोल्या आणि खाणावळी भरपूर. माझ्या धर्माचं त्या शहरात मला दुसरं माणूस ठाऊक नव्हतं. महिन्यातून एकदा उदगीर, बिदर, जहीराबाद असा प्रवास करत हैदराबाद गाठायचं, बाकीचे रविवार खोलीत. अशाच एका रविवारी मी वाचलं, की 1852 साली ह्यू फिंडले नावाचा आमचा एक मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढं पुण्यात राहिला. तो स्कॉटलंडचा. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि इतर पाद्र्यांनी त्याला थारा दिला नाही. मराठी लोकांना उद्देशून त्यानं एक पुस्तिकाही काढली. काही वर्षांत तो परतला आणि त्याच्यामागे महाराष्ट्रात फारसं काही उरलं नाही. माझ्याआधी कुणीतरी या मुलखात असे रविवार काढले होते, याचा मला केवढा आधार वाटला!

पण खरा आधार खाणावळीच्या मावशींचा. त्या लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, आणि सकाळी तळहातावर घेऊन त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी चहा घेत नाही म्हटल्यावर त्यांनी कारण विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी निराळं पातेलं चुलीवर चढलं: गवती चहाची पात, आलं, गूळ, चहापत्ती नाही. “सरांचा काढा” असं त्याचं नाव पडलं. परीक्षेच्या दिवसांत मुलंही तोच मागायची.

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्यावरून मारामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्ये टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर; पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. गावाकडची कितीतरी मुलं क्लास अर्धवट टाकून घरी गेली. मावशींची खाणावळ रात्री टँकरची वाट पाहत जागी असायची.

आमच्यात महिन्याच्या एका रविवारी, बहुधा पहिल्या, उपवास असतो. सलग दोन जेवणं सोडायची, पाणीही नाही, आणि त्या जेवणांचा पैसा गरजवंतांसाठी द्यायचा. त्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी जेवायला गेलो नाही, तेव्हा मावशी स्वतः खोलीवर आल्या. त्यांना वाटलं, पाणी वाचवायला मी उपाशी राहतोय. मी सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन निघून गेल्या. संध्याकाळी उपवास सोडायच्या वेळी त्यांचा मुलगा झाकलेला तांब्या घेऊन आला. ते पाणी मावशींनी दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी काढून ठेवलेलं होतं, हे मला पुढं त्याच्याकडूनच कळलं. महिन्याच्या हिशेबात दोन ताटांचे पैसे कमी लावले होते. मी म्हटलं, मावशी, खाणावळीचा हिशेब महिन्याचा असतो, एका वेळेचा नसतो. तर म्हणाल्या, “जेवला न्हाईत तर पैसे कशाचे? तुमच्या देवाकडं तिकडं द्या की.” मी लातुरात असेपर्यंत त्यांनी दर महिन्याला हे केलं. धर्म बदलून तुला काय मिळालं, असं मला विचारणारे पुष्कळ भेटतात. मी मिळकतीचा दहावा हिस्सा मंडळीला देतो, तेव्हा पैशाच्या हिशेबात उत्तर सोपं आहे. पण मावशींची ती दोन ताटं कुठल्या खात्यात मांडायची, ते मला अजून सापडलेलं नाही.

मार्च 2020 मध्ये जगभरातल्या आमच्या सभा बंद झाल्या आणि बिशपांनी घरीच प्रभुभोजन करायला परवानगी दिली. मी तेव्हा नांदेडला परतलो होतो. आमच्या प्रभुभोजनात द्राक्षरस नसतो, भाकर आणि पाणी. भाकर कुठलीही चालते. आईनं ज्वारीची केली. आजी तिथंच भिंतीला टेकून बसली होती. ती घेणार नाही हे मला माहीत होतं आणि मी देणार नाही हे तिला. मी गुडघे टेकून प्रार्थना म्हणत होतो आणि तिचं नामस्मरण चाललं होतं. टाळेबंदीतला प्रत्येक रविवार आमचा असाच गेला, आणि इतकी भरलेली उपासना मी मोठमोठ्या सभागृहांतही अनुभवलेली नाही.

त्याच महिन्यांत मी तिच्याकडून नावं लिहून घेतली. आमच्यात पूर्वजांची नोंद ठेवणं हे धर्मकार्य आहे. जे गेले त्यांच्या वतीनं मंदिरात जिवंत माणसानं बाप्तिस्मा घ्यायचा. तो स्वीकारायचा की नाही, हे त्या आत्म्यानं ठरवायचं, असं आम्ही मानतो. भारतात असं मंदिर नव्हतं. बंगळुरूला होणार हे 2018 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं, त्या रात्री मी झोपू शकलो नव्हतो. आजीला लिहिता येत नाही, पण तिच्या आईची आई, तिची सासू, तिच्या नणंदा, कोण कुठल्या गावची, कुणाला किती लेकरं आणि त्यातली किती जगली, हे सगळं तिला पाठ. आमच्या घराण्याच्या कुठल्याही कागदावर या बायका नाहीत. त्यांच्या नावांनी वही भरत गेली.

वहीचं कारण मी तिच्यापासून लपवलं नाही. ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लिही सगळं. पर मला माझा देव हाय, त्या बायांलाबी त्यांचा होता. आमच्या नावानं दुसऱ्याच्या दारात उभा राहू नको.” मी शब्द दिला. तिच्याच पंथातल्या म्हाइंभटांनी रिद्धपूरला राहून, गावोगाव हिंडून, चक्रधर स्वामींच्या आठवणी ज्यांना होत्या त्यांच्याकडून त्या गोळा केल्या, तेव्हा ‘लीळाचरित्र’ झालं. नंतर महानुभावांनी आपले ग्रंथ संकेतलिपीत घालून शतकानुशतकं जपले. कुठलं कुणाला सांगायचं आणि कुठलं जपून ठेवायचं, हे ज्या पंथाला इतकं कळतं, त्या पंथातली ही बाई. तिला दिलेला शब्द आणि माझी श्रद्धा यांत मला विरोध दिसत नाही. विचारल्याशिवाय कुणाच्या आप्तांचं नाव पुढं करू नये, असं आमची मंडळीही सांगते.

त्या वहीतलं एकही नाव मी मंदिरासाठी पाठवलेलं नाही. ती नांदेडच्या घरी कपाटात असते. गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीच्या मुलीला शाळेत वंशवृक्षाचा प्रकल्प होता. तिनं वही मागून नेली आणि दोनच दिवसांत आजीला फोन करून भांडायला लागली, की पणजीच्या तीन बहिणी लिहिल्यात आणि तू मला चार सांगितल्या होत्यास. आजी म्हणाली, चारच होत्या, नातवानं एक गाळली. आता चौथीचं नाव वहीच्या समासात त्या मुलीच्या अक्षरात आहे.