माझ्या मशीनवर चालतंय!

'चालत नाही' हा जगातला सगळ्यात निरुपयोगी बग रिपोर्ट. काय चालत नाही, कधीपासून, कुणाच्या हातून, पत्ता नाही. हापिसात असे रोज दोन-चार येतात, त्यामुळे सवय आहे. गेल्या मे महिन्यात मात्र असा रिपोर्ट शेजारून आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "मोअर सुरू होत नाही."

रायडिंग मोअर म्हणजे छोट्या ट्रॅक्टरसारखं, बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. बाल्कनीत तुळस आणि कोरफड सांभाळणाऱ्या पुणेकराला हे थोडं अति वाटेल. पण इथे ओहायोत आजींच्या घराभोवती एकरभर गवत आहे. म्हणजे बघा, चाळीस गुंठे! आपल्याकडे कुणी त्यात भुईमूग तरी लावला असता. असो.

आजी ७४ वर्षांच्या. आजोबा नोव्हेंबरात गेले. मोअर कायम तेच चालवायचे. आजींनी पहिल्यांदाच चावी फिरवली, तर काहीच नाही. मेकॅनिक आला, बॅटरी बदलली, सुरू करून दाखवलं, पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठप्प. मग मुलगा चार तास ड्राईव्ह करून आला. त्याच्या हातून पहिल्या फटक्यात सुरू! त्याने सगळं गवत कापलं आणि निघताना म्हणाला, "आई, हे आता तुला झेपायचं नाही. घर विकून टाकू." नंतर गवत पुन्हा पोटरीपर्यंत आलं आणि टाउनशिपची नोटीस आली. (इथे बऱ्याच गावांत गवत ८-१० इंचांच्या वर गेलं की नोटीस येते.) आजींनी ती मला दाखवली आणि विचारलं, "तो म्हणतो ते बरोबर असेल का रे?"

प्रश्न मोअरचा नव्हता, हे कळण्याइतपत अक्कल मला आहे.

डिग्री ई अँड टीसीची, नोकरी जावाची, असा आमचा प्रकार. पण लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला मल्टिमीटर अजून जवळ आहे. तो घेऊन शनिवारी पोचलो.

पहिला प्रश्न: इंजिन फिरतंय पण पेटत नाही, की फिरतच नाही? हे दोन वेगळे आजार. फिरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल, हवा किंवा ठिणगी बघायची. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरची वाट लावू शकतं. पण आजींनी चावी फिरवली तेव्हा साधा 'टिक' आवाजही आला नाही. म्हणजे पेट्रोलकडे बघायचंच नाही, भानगड विजेची.

विजेचा रस्ता सरळ असतो. बॅटरी, फ्यूज, चावी, मग सेफ्टी स्विच आणि शेवटी सोलेनॉइड. सोलेनॉइड म्हणजे मोठा रिले, त्याला छोटा करंट मिळाला की तो स्टार्टर मोटरला मोठा करंट सोडतो. सेफ्टी स्विच मुख्यतः दोन: ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलेलं हवं आणि ब्लेड बंद हवं. आपल्या स्कूटरला सेल्फ मारताना ब्रेक दाबावा लागतो, तेच तत्त्व. सीटखालीही एक स्विच असतो. ब्लेड फिरत असताना माणूस उठला, तर तो इंजिन बंद पाडतो. यंत्राच्या पोटात धारदार पातं असतं, त्यामुळे शंका आली की नाही म्हणायचं, हे त्याला शिकवलेलंच असतं.

आजींना सीटवर बसवलं, ब्लेड बंद ठेवलं आणि एकेक टोक मोजत गेलो. बॅटरी १२.६ व्होल्ट, झकास. फ्यूज ठीक. चावीतून करंट बाहेर येतोय. ब्रेकच्या स्विचपर्यंत पोचतोय. पुढे शून्य. सापडला चोर!

स्विच गेला असेल म्हणून तपासायला मी स्वतः बसलो, ब्रेक दाबला, चावी फिरवली. धडधड धडधड... इंजिन सुरू. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मुलाच्या वेळीही हेच झालं होतं ना! 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात चीड आणणारं वाक्य, ते त्या मोअरने न बोलता म्हटलं.

इंजिन बंद केलं, आजींना परत बसायला सांगितलं आणि या वेळी मीटरऐवजी त्यांचा पाय बघितला. पेडल खाली जात होतं, पण शेवटचा इंचभर राहत होता. स्विच तिथेच होता. सीट पार मागे सरकवलेली. मेकॅनिक उंच, मुलगा उंच, मीही बऱ्यापैकी उंच. आजी पाच फूट.

सीटखालचे दोन नॉब गंजून घट्ट झाले होते. तेल सोडून, पकडीने फिरवून सैल केले, सीट पुढे घेतली. आजी बसल्या, ब्रेक दाबला, चावी फिरवली. सुरू!

त्या जरा वेळ तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "सहा फूट दोन इंच होता तो." बस, एवढंच.

सीट मागे होती यात कुणाचा काय दोष? आजोबांनी ती स्वतःसाठी लावली होती. पण 'यंत्र हिच्या हातून सुरू होत नाही' इथून 'हिला एकटीला राहणं जमणार नाही' इथपर्यंत सगळे किती पटकन पोचले! मधला एकही स्विच कुणी मोजला नाही. घर विकायचं की नाही ते आजी ठरवतील, कदाचित विकतीलही. मोअरचं कारण मात्र त्या यादीतून गेलं. त्यांनी मुलाला फोनवर तसं स्पष्ट सांगितलं, माझ्यासमोर.

सध्या दर शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला तो मोअर सुरू होतो आणि वीकांताच्या माझ्या झोपेचं खोबरं होतं. तक्रार कुणाकडे करणार?