मेंढपाळालाही कुरण हवे

उन्हाळ्याच्या सुटीचे वेध लागले म्हणजे वर्गातील मुले आम्हांस विचारतात, "सर, सुटीत कोठे जाणार?" शिक्षकाला सुटी असावी, याविषयी कोणाचा वाद नाही. कारकुनाला रविवार मिळतो. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवरही जू नसते. परंतु मंडळीच्या पाळकाने आठ दिवस कोठे तरी एकांतात जाऊन राहावे असे कोणी सुचविले, की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. "पाळकसाहेबांना कसली आली आहे विश्रांती? आठवड्याला एक उपदेश, एवढेच ना त्यांचे काम!" असे उद्गार आम्ही सुशिक्षित घरांतूनही ऐकले आहेत. म्हणून या विषयावर विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी चार शब्द बोलावेत असे मनात आले.

आम्ही पाळकाच्याच घरात वाढलो. वडिलांकडे पाच खेड्यांतील मंडळ्या होत्या आणि सायकल एकच होती. घराच्या दाराला दिवसा कडी अशी कधी लागलीच नाही. ते पानावर बसले असता कोणी धावत येई, "पाळकसाहेब, म्हातारीचं काही खरं नाही," म्हणून सांगे, की हात धुऊन ते निघत. सकाळी प्रेतक्रिया, दुपारी लग्नाची बोलणी, सायंकाळी बांधावरून भांडणाऱ्या दोघा भावांची समजूत, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात रविवारची तयारी, असा त्यांचा क्रम असे. एकदा आईने त्यांना विचारले, "साऱ्या गावाची गाऱ्हाणी तुम्ही ऐकता, तुमची कोण ऐकतं?" वडील नुसते हसले. उपदेश लिहिण्यासाठी दर वर्षी ते एक नवी वही आणीत. शेवटच्या काही वर्षांत ती वही कोरीच राहू लागली आणि जुन्या वह्यांची पाने पुन्हा पुन्हा उलटली जाऊ लागली. पुढे आम्ही स्वतः शिकवू लागलो, तेव्हा त्या कोऱ्या वहीचा अर्थ आम्हांस उमगला. कणगीतून रोज काढावे आणि तीत कधी भरू नये, तर तळ लागणारच.

पाळकाचा शीण हा इतरांच्या शिणाहून काहीसा निराळा असतो. तो पवित्र शास्त्र उघडतो, ते बहुधा दुसऱ्यांना काय सांगावे हे शोधण्यासाठी. स्वतःच्या जिवाला काय हवे, हे पाहण्यास सवड उरत नाही. अनेकांची गुपिते त्याच्यापाशी असतात, परंतु आपले मन ज्याच्यापाशी मोकळे करावे असा सोबती त्याला मंडळीत सहसा मिळत नाही. प्रत्येक कबरेपाशी त्याने धीर द्यावा अशी अपेक्षा असते. त्याचाही धीर कधी सुटत असेल, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

शास्त्राने मात्र हे जाणले आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याला बोल लावीत नाही; निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी देतो, आणि पुन्हा निजू देतो. होरेब डोंगरावरील ती मंद वाणी त्याला ऐकू येते, ती त्यानंतर. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात शिष्य सेवा करून परत येतात, तेव्हा लोकांच्या वर्दळीमुळे त्यांना जेवायलाही उसंत नसते. प्रभू त्यांना एकीकडे चलून थोडा विसावा घ्या असे सांगतो. विसाव्याची ही सूचना शिष्यांनी केलेली नाही, स्वतः धन्याने केलेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे ख्रिस्ती मंडळीने या विसाव्याला नियमित रूप दिले. स्पेनमधील इग्नेशियस लोयोला याने 1522 साली मानरेसा येथे एकांतात जे अनुभवले, त्यातून आध्यात्मिक साधनेचे त्याचे पुस्तक तयार झाले व 1548 साली पोपने त्यास मान्यता दिली. त्यातील पूर्ण साधना सुमारे 30 दिवसांची आहे. रोमन कॅथलिक धर्मगुरूंनी असा एकांतवास करावा, हे आज त्या मंडळीच्या नियमांतच आहे. प्रॉटेस्टंटांत इंग्लंडमधील केझिक या गावी 1875 साली तेथील पाळक हार्फर्ड-बॅटर्सबी व त्यांचे क्वेकर मित्र रॉबर्ट विल्सन यांनी पाळकाच्या घराच्या अंगणात तंबू ठोकून सभा भरविली. तिची परंपरा अजून चालू आहे.

आपल्या देशातही अशी स्थळे आहेत. कुमाऊँच्या डोंगरांत, नैनीताल जिल्ह्यात, सातताल नावाचे तळ्यांचे ठिकाण आहे. तेथे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स यांनी इथेल टर्नर व यूनस सिन्हा यांच्या सहकार्याने 1930 साली ख्रिस्ती आश्रम स्थापिला. आश्रमात पाऊल टाकले की पदव्या बाहेर राहतात. बिशप असो वा शाळामास्तर, तो बंधू आणि ती भगिनी. जोन्स यांच्या काळात सेवकवर्गाला, झाडूवाल्यालाही, सुटी देऊन त्याचे काम आश्रमवासी स्वतः करीत. आरंभीच्या सभेत प्रत्येकाने आपली गरज काय ती मोकळ्या मनाने सांगावयाची, असा तेथील प्रघात आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या पाळकांसमवेत तेथे जाण्याचा योग आम्हांस आला. काठगोदामला आगगाडीची वाट संपते. तेथून भीमतालवरून डोंगर चढावा लागतो. पहिले दोन दिवस आमचे पाळक उपासनेची वेळ सोडली तर बहुतेक निजलेच होते. त्यांना उठवावे असे कोणासही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी ते भांडी घासावयास बसले, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या प्रांतातील एका वृद्ध पाळकांशी त्यांचे बोलणे सुरू झाले. ते बोलणे रात्रीपर्यंत चालले. अखेरीस त्या वृद्ध गृहस्थांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. आमच्या पाळकांनी आजवर कितीकांच्या मस्तकावर हात ठेवला होता! स्वतःच्या मस्तकावर कोणाचा हात आल्याला वीस वर्षे झाली, असे ते मागाहून म्हणाले.

एकांतवासाने कर्तव्य टळत नाही. शिष्य नावेतून पैलतीरी पोचले, तो लोकसमुदाय आधीच तेथे हजर होता, आणि प्रभूला त्यांचा कळवळाच आला. आमचे पाळक घरी परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळीत एक मयत झाली. परंतु त्या दिवशी कबरेपाशी जो आवाज आम्ही ऐकला, तो पाठ केलेल्या शब्दांचा नव्हता.

हे साधले ते पुष्कळांच्या हातांनी. प्रवासखर्चासाठी महिला मंडळाने वर्षभर मूठमूठ धान्य बाजूला ठेविले. पंचांपैकी दोघांनी आजाऱ्यांच्या भेटी आपणांकडे घेतल्या. तरुणांनी रविवारची शाळा चालविली. चार दिवसांतच एक पंच आम्हांस म्हणाले, "मास्तर, हे काम बाहेरून दिसतं तेवढं हलकं नाही हो!"

पालकहो, आपल्या मंडळीच्या अंदाजपत्रकात घंटेच्या दोरीसाठी व रंगसफेदीसाठी रक्कम असते. पाळकांच्या एकांतवासासाठीही एक ओळ असू द्या. पाळकीणबाईंनाही अशा विसाव्याची तितकीच गरज असते. त्यांचे नाव त्या ओळीतून वगळू नका. आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हांलाही येथे काम आहे. पाळकसाहेब गावी नसतील त्या रविवारी उपासनेला अवश्य जा, वाचन सांगितले तर वाचा, बाके मांडा, एखाद्या आजोबांना घरापर्यंत पोचवा. आता सायकलीच्या जागी मोटारसायकल आली आणि दारावरच्या हाकेच्या जागी खिशातला मोबाइल आला. ती हाक डोंगरावरही पाठलाग करते. तेव्हा मरणाधरणाचा प्रसंग नसेल, तर तेवढे आठ दिवस त्यांना फोन करू नका.