उर्दू बाजारातली एक सकाळ

दिवाळीच्या सुट्टीत यंदा आम्ही तिघे दिल्लीला गेलो. लाल किल्ला, कुतुबमिनार सगळेच पाहतात. आमच्या घरात हौस दोनच, चांगले खाणे आणि पुस्तके. म्हणून खोली जामा मशिदीजवळच घेतली. पहिली रात्र रस्त्यावरच्या कबाबांवर गेली.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर थेट मटिया महल गाठले. निहारी हा शब्द 'नहार' म्हणजे दिवस, सकाळ यावरून आला, हे वर्गात कितीदा सांगितले असेल. चव मात्र आता कळली. रात्रभर मंद आचेवर शिजलेले मांस, वर आल्याचे काप, हिरवी मिरची, लिंबू आणि तंदुरातून नुकतीच निघालेली खमिरी रोटी. बोटे चाटत उठलो. दुपारसाठी गली कबाबियानमधले १९१३ सालचे करीम ठरलेलेच होते.

मधल्या वेळात पुस्तके. बी.एड.चा निकाल लागला तेव्हा अब्बांसोबत आम्ही या उर्दू बाजारात आलो होतो. तेव्हा पुस्तकांची दुकाने ओळीने होती. आता मोजकीच उरलीत. मध्ये मध्ये शेगड्या आणि कबाबांचा धूर. आदल्या रात्री त्यातल्याच एका शेगडीपुढे आम्ही अर्धा तास उभे होतो. आठवून ओशाळलो.

एका दुकानात वयस्क चचा बसले होते. त्यांनी 'मिरातुल उरूस' काढून दिले. डेप्युटी नझीर अहमद यांनी आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिलेली, १८६९ साली छापलेली ही कादंबरी. आम्ही ती लेकीच्या हाती दिली. चचा कौतुकाने म्हणाले, "बेटी, जरा पढ़के सुनाओ."

नववीतली आमची लेक पहिल्याच ओळीत अडखळली. कुरआन ती नीट वाचते, पण जेर-जबर नसले की गाडी अडते. मराठीत वक्तृत्वाची बक्षिसे आणते, इंग्रजीही बरी आहे. आणि दुसऱ्यांच्या लेकरांना उर्दू शिकवण्यात आमची अठरा वर्षे गेली! चचा काही बोलले नाहीत. मुलांच्या गोष्टींचे एक पातळ पुस्तक त्यांनी गठ्ठ्यात ठेवले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

करीमचे बिल पुस्तकांच्या चौपट झाले, तेही सांगून टाकतो.

परतीच्या गाडीत शीरमालचा पुडा उघडला. लेकीने अकबरी आणि असगरीची गोष्ट काढली, बोट ठेवून विचारू लागली, "अम्मी, हा शब्द कोणता?" मनमाड येईपर्यंत दीड पान झाले.