आधी गाठ
चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. तिच्या काठी मरळीसाठी बसणारे नकली माशाच्या रंगावर बोलत राहतात. मला मात्र नायलॉनच्या तंगुसाची गाठच महत्त्वाची वाटते. कडक प्लास्टिकच्या माशाला पुढे कडी असेल, तर तंगूस कडीलाच घट्ट बांधावा. नुसता तारेचा डोळा असेल, तर मोकळा फास ठेवावा. अशा डोळ्यावर गाठ आवळली की नकली मासा ताठरतो, पाण्यात डुलत नाही. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडा नायलॉन घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. तंगूस तुटला तर तिहेरी गळ मरळीच्या जबड्यात राहतो, हे मला सहन होत नाही. म्हणून सांगतो, पाण्यात टाकण्याआधी गाठ एकदा जोराने ओढून बघा.