खोली भाड्याने देताना

शिरगावला आमच्या राहत्या घरामागे तीन खोल्या आहेत. कंपनीतून निवृत्त होताना मिळालेला फंड आणि ग्रॅच्युइटी यांतून आम्ही उभयतांनी त्या बांधल्या. बोईसरपेक्षा इकडे भाडे कमी. शिवाय २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेल्यापासून तारापूर एम.आय.डी.सी.त पाळीला जाणारी मंडळी गावापर्यंत चौकशी करीत येतात. लोक आम्हाला घरमालक म्हणतात. ऐकून अजूनही हसू येते, कारण आमचा निम्मा जन्म भाडेकरू म्हणूनच गेला.

लग्नानंतर आम्ही बोईसरला खोली शोधत होतो. एका ठिकाणी मोरी, पाणी, भाडे, सगळे पटले. मालकिणीने डिपॉझिट मोजून घेतले आणि चहा ठेवता ठेवता आडनाव विचारले. चहा आला नाही. पैसे मात्र परत आले. खोली कालच दुसऱ्याला कबूल झाली होती म्हणे! परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशी नाव धारण करून पारशी सराईत राहावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथूनही बाहेर काढले, हे आम्ही विहारात अनेकदा ऐकले होते. त्या संध्याकाळी ते आम्हाला खऱ्या अर्थाने कळले.

आणि अशा आम्ही पुढे काय केले, ते सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो.

पहिल्यांदा खोली रिकामी झाली तेव्हा डहाणूकडचा एक तरुण आला. शेजाऱ्यांनी आधीच बजावले होते, "नीट चौकशी करून द्या हं, कोणीही येतं." आमच्या तोंडून गेलेच, "आडनाव काय तुमचं?" मनात काही नव्हते, असे आम्ही नंतर एकमेकांना सांगितले, पण होते. तो वारली समाजाचा होता. त्याने आडनाव सांगितले, समोरचा पाण्याचा तांब्या तसाच ठेवला, "येतो" म्हणाला आणि गेला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. ती त्याने पाहिली असणारच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीच्या वेळी आम्ही एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. तो दिसला नाही, पुढेही कधी दिसला नाही.

तेव्हापासून आम्ही विचारतो ते एवढेच: माणसे किती, पाळी कोणती, आधीची खोली का सोडली. नावगाव करारावर येतेच, पण खोली ठरल्यानंतर.

करार मात्र हवाच. "आपलाच माणूस, कागद कशाला?" ही आपल्याकडची सवय महागात पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. कागद नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. भाड्याची पावती द्यावी. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या दोन खोल्यांत बिहारची पाच मुले होती. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलायला सांगितले. सांगणे योग्यच होते, पण आमची चूलही त्याच भाड्यावर पेटते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करून चौथा अडचणीसाठी राखायला सांगितले आहे. तेवढे शिस्तीत आम्हाला कधी जमले नाही. तरी छताच्या पत्र्यांसाठी पोस्टात थोडे साठले होते. ते त्या महिन्यांत खाल्ले. पत्रे राहिले. मुले मे महिन्यात श्रमिक गाडीने गेली. दोघे परत आले, त्यांनी हप्त्याहप्त्याने थकबाकी दिली. बाकीच्यांकडे आम्ही मागितली नाही.

सध्या मधली खोली रिकामी आहे. समुद्राकडच्या भिंतीला पाऊस सरळ झोडपतो, त्यामुळे तिचा गिलावा सुटला आहे. गवंडी शनिवारी येईल. रविवारी एक कुटुंब खोली पाहायला येणार आहे. फोनवर त्या बाईंनी भाडे विचारण्याच्या आधीच स्वतःचे आडनाव सांगून टाकले. आम्ही त्यांना पाण्याची वेळ सांगितली, सकाळी सहा ते सात.