हुकूम न चालणारी जागा

भिवंडीच्या गोदामात मॅनेजर म्हणून रुजू झाले, तेव्हा नेमणूकपत्रात 'सर्व कामकाजाची जबाबदारी' असं लिहिलेलं होतं. जबाबदारी सगळी होती, पण माणसं माझी नव्हती. कंपनीच्या पगारपटावर आम्ही मोजकेच. माल चढवणारी-उतरवणारी टोळी माथाडी मंडळाची, पिकिंग-पॅकिंगची मुलं कंत्राटदाराची, गाड्या ट्रान्स्पोर्टरच्या. यांच्यातल्या कुणाचाही पगार माझ्या सहीनं वाढत नव्हता की थांबत नव्हता. आणि गाडी वेळेत सुटली नाही, तर फोन मात्र मलाच.

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण नाशिक महामार्गालगत असल्यामुळे माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर ही गावं गोदामांची झाली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि करासाठी म्हणून राज्याराज्यात गोदाम ठेवायचं कारणही उरलं नाही. कंपन्या छोटी गोदामं मिटवून मोठ्या शेडमध्ये आल्या. एका छपराखाली वेगवेगळ्या मालकांची माणसं कामाला लागली. अशा ठिकाणी आवाज चढवून काही होत नाही, हे कुणाच्याही लवकर लक्षात येतं. मग काय केल्यानं होतं, ते मला डॉकवर उभं राहून कळलं.

आमच्याकडे बिस्किटं, साबण, शाम्पू असा माल. पिकिंग लिस्ट बिलांच्या क्रमानं निघायची: गाडीचा पहिला थांबा ज्या दुकानाचा, त्याचा माल डॉकवर पहिला. गाडी भरायची असते नेमकी उलट. शेवटच्या थांब्याचा माल सर्वांत आत, केबिनकडे. त्यामुळे टोळीला आधी आलेले खोके बाजूला रचावे लागायचे आणि मागाहून पुन्हा उचलावे लागायचे. भरणी रेंगाळते म्हणून ऑफिसातून सतत तक्रार. एकदा मुकादमाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, खोका दोनदा उचलतो, पैसे एकदाच मिळतात."

1969 च्या माथाडी कायद्यानं हमालाला नोंदणी दिली, मजुरी मंडळामार्फत मिळण्याची सोय केली, भविष्यनिर्वाह निधी दिला. पण आमच्या डॉकवर मजुरी मालाच्या हिशेबानं होती. गाडी उशिरा लागली किंवा खोका दोनदा हलवला, तर तो वेळ टोळीच्या खिशातून जायचा. आम्ही ज्याला ढिलाई म्हणत होतो, ते त्यांचं नुकसान होतं. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून लिस्टचा क्रम उलटा करून घेतला. टोळीला एक शब्दही न बोलता भरणी आटोपशीर झाली.

मग प्रत्येकाकडे त्याच नजरेनं बघायची सवय लागली: याचे पैसे कशावर ठरतात? ड्रायव्हरची कमाई फेरीवर. ठाण्याच्या हद्दीत अवजड गाड्यांना ठरावीक वेळेतच प्रवेश असतो. डॉकवर अर्धा तास चुकला की त्याचे पुढचे कित्येक तास रस्त्याकडेला जातात. शिवाय ई-वे बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस. माल भरायच्या आधीच कागद तयार करून ठेवला, तर मुदत गाडी उभी असतानाच सरू लागते. म्हणून गाड्यांना वेळ नेमून दिली आणि कागद आम्ही शेवटचा खोका चढताना काढायला लागलो. गेटवरची भांडणं निम्म्यावर आली.

पिकिंगच्या मुलांचं कोडं अवघड होतं. खोका फुटला की त्याचे पैसे कंत्राटदाराच्या बिलातून कापले जात आणि तो ते मुलांकडून वसूल करी. मग फुटलेला खोका रॅकच्या मागे सरकायचा आणि वर्षअखेरच्या मोजणीत बुरशी धरून सापडायचा. तोवर कॉम्प्युटरमध्ये माल शिल्लक, दुकानदाराला मात्र नकार. नियम बदलला: त्याच पाळीत सांगितलेलं नुकसान गोदामाच्या खात्यावर, नंतर सापडलं तर चौकशी. पहिल्या महिन्यात नुकसानीचा आकडा वाढला आणि हेड ऑफिसनं जाब विचारला. फुटतंय तेवढंच, आता दिसतंय जास्त, हे पटवून देणं हाच त्या महिन्यातला माझा खरा उद्योग होता. खालच्या माणसानं खरं सांगावं असं वाटत असेल, तर त्या खऱ्याची झळ वरच्यानं सोसावी लागते.

सगळं सुटलं असं नाही. महिनाअखेरीला सेल्सवाले टार्गेटसाठी बिलांचा ढीग टाकतात, कारण त्यांचा इन्सेंटिव्ह तारखेवर ठरतो. तो माझ्या हातात नाही, त्यामुळे तो आठवडा आजही घामाचाच. मात्र त्यांना दोष देणं मी सोडलंय. त्या आठवड्याच्या आधी मुकादम, ट्रान्स्पोर्टरचा माणूस आणि सेल्सचा प्रतिनिधी यांना एका टेबलाशी बसवते. कुठली गाडी आधी, यावर वाद होतात, पण ते डॉकवर होत नाहीत.

नवा सुपरवायझर आला की त्याला पहिलं काम देते: गेटपासून डॉकपर्यंत प्रत्येकाला पैसे कशाचे मिळतात आणि कशानं बुडतात, ते विचारून लिहून आण. काही जण एका तासात परत येतात, कंत्राटाचे कागद वाचून. जो टोळीसोबत चहा पिऊन, ड्रायव्हरशी बोलून दुसऱ्या दिवशी येतो, त्याच्या हाती मी पाळी सोपवते.