छद्दंताची भिंत

अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात उजव्या भिंतीवर छद्दंत जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक कथा, रंगवलेले आहे. सहा सुळ्यांचा गजराज, त्याच्या दोन राण्या. धाकटी मत्सराने झुरून मरते, पुन्हा जन्म घेऊन वाराणसीची राणी होते आणि ते सुळे आणायला शिकारी धाडते. हत्ती सूड घेत नाही. सुळे कापायला स्वतःच मदत करतो आणि मरतो. ते समोर येताच राणी कोसळते.

सांगताना ही गोष्ट अरण्यातून राजवाड्यात, पुन्हा अरण्यात आणि पुन्हा राजवाड्यात जाते. भिंतीवर अरण्य एका बाजूला, राजवाडा दुसऱ्या बाजूला. चित्रकाराने प्रसंग काळाप्रमाणे नव्हे, जागेप्रमाणे मांडले. गाईडची सारी अडचण इथे आहे. जिभेला क्रम लागतो, भिंत तो देत नाही. घोळका इकडून तिकडे हलवत न्यावा तर धागा तुटतो. एका जागी उभे राहून रंगवून सांगावे तर माणसे भिंत सोडून सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागतात.

आणि त्याला ते आवडते. हत्तीच्या मरणाशी आवाज उतरवला की कुणाचे तरी डोळे भरतात, त्या क्षणासाठी गाईड वर्षानुवर्षे तीच वाक्ये घासत राहतो. त्या वेळी भिंतीकडे एकही नजर नसते, हे त्याला घसा बसू लागल्यावर उमगते.

काही गाईड जातकाला हातच लावत नाहीत. घोळका थेट खांबाशी नेतात आणि शिकारीला आलेला ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ याने २८ एप्रिल १८१९ ला कोरलेले नाव दाखवतात. हा या लेण्यावर अन्याय आहे. इसवी सनापूर्वीचे चैत्यगृह एका शिकारी साहेबाच्या ओरखड्यासाठी बघायचे?

उन्हातून आलेल्या डोळ्यांना इथे पहिली काही मिनिटे काळसर डागांपलीकडे काही दिसत नाही. चित्र झिजलेले, त्यावर जुन्या वार्निशाची पिवळट झाक. बोलणे नेमके याच मिनिटांत सुरू होते, आणि तिथेच बिघडते. आवाज थकलेला गाईड आता टॉर्च विझवून लोकांना नुसते उभे करतो. सुरुवातीला चुळबुळ होते, कोणी मोबाईल काढतो. मग काळ्यातून एक पाठ वर येते, एक सोंड, पानांचा झुबका. घोळक्यातले एखादे मूल बोट दाखवून विचारते, "तो हत्ती आहे का?"

गोष्ट त्या बोटापासून सुरू करावी लागते. ते अरण्यावर असेल तर अरण्यातून, राजवाड्यावर असेल तर कोसळलेल्या राणीपासून उलटी.